आम्ही आणि आपण

माणसामाणसांत भांडणे का होतात, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. ‘अहो, त्याच्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता, गैरसमज झाला,’ असे म्हणत गावातला कोणीतरी वडीलधारा मध्ये पडतो आणि दोन्ही पक्षांना चहा पाजतो. शब्दांचा अर्थ नीट लागला असता तर भांडण झालेच नसते, अशी आपणा सर्वांची एक भाबडी समजूत असते. मी तर पडलो शाळामास्तर. वीस वर्षे मुलांना व्याकरण शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दिवसा शब्दांचे एकेक अर्थ पक्के करायचे आणि रात्री तेच शब्द दोन-दोन अर्थांनी वापरायचे, असा हा माझा दुहेरी धंदा. तेव्हा, ज्या भाषेत एका वाक्याची दोन प्रकारे फोड होऊच शकत नाही अशी एक भाषा अमेरिकेत एका माणसाने मुद्दाम रचली, आणि त्या भाषेच्या माणसांतच असे भांडण जुंपले की प्रकरण कोर्टात गेले, हे कळल्यावर माझ्यातल्या मास्तराला धक्का बसला आणि कादंबरीकाराला मात्र आनंद झाला.

ही भाषा मला भेटली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. सुटीत घरी आला की मला भेटल्यावाचून जात नाही. मागच्या मे महिन्यात आला तो एका नव्या वेडाने भारून. म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही आम्हाला वाक्य फोडायला शिकवलेत ना? आता अशी भाषा शिकतो आहे की जिचे वाक्य यंत्रसुद्धा एकाच पद्धतीने फोडते. दुसरा अर्थ निघायला फटच नाही.’

‘मग त्या भाषेत विनोद कसा करतात?’ मी विचारले.

तो क्षणभर गोंधळला आणि मग हसला. म्हणाला, ‘गंमत वाटली की “उही” म्हणायचे, असा शब्दच आहे तिथे.’

माझे शिक्षण मॅट्रिकचे. तर्कशास्त्र मी पुस्तकातून, तेही तुटक तुटक, वाचलेले. परंतु त्याने ठेवून दिलेली पुस्तके आणि लेख मी चाळू लागलो आणि हळूहळू त्यात गुंतत गेलो. भाषेपेक्षाही भाषेच्या कथेत अधिक गुंतलो, हे सांगायला हवे.

या कथेचा नायक जेम्स कुक ब्राउन. जन्म १९२१ सालचा, फिलिपाइन्समधला, पेशाने समाजशास्त्रज्ञ. त्या काळी अमेरिकेत एडवर्ड सपीर आणि बेंजामिन व्होर्फ यांच्या एका विचाराची मोठी चर्चा होती. माणूस जी भाषा बोलतो ती त्याच्या विचारालाही वळण लावते, असा तो विचार. व्होर्फ हा आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीतला माणूस. पेट्रोलच्या पिंपांना ‘रिकामी’ म्हटले की कामगार त्यांच्याजवळ निष्काळजीपणे वावरतात, आणि आत उरलेली वाफ मात्र भडकायला टपलेली असते, असे त्याने टिपून ठेवले होते. एका शब्दाने आग लागते! ब्राउनला वाटले, हे खरे की खोटे याची कसोटी घ्यावी. त्यासाठी तर्काच्या कसाला उतरणारी, कोणत्याही देशाची नसलेली एक छोटी भाषा बनवावी, ती माणसांना शिकवावी, आणि त्यांच्या विचारात काही फरक पडतो का ते पाहावे. १९५५ साली फ्लोरिडात त्याने कामाला सुरुवात केली. भाषेचे नाव ठेवले लॉग्लान. जून १९६० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात तिच्यावर त्याचा लेख आला आणि जगभरच्या हौशी लोकांचे कान टवकारले गेले.

हा माणूस तसा बहुरंगी. ‘करिअर्स’ नावाचा पटावरचा एक खेळ त्याने शोधून काढला होता आणि तो चांगला खपला. खेळणाऱ्याने सुरुवातीलाच कीर्ती, पैसा आणि सुख यांत मिळून साठ गुण आपल्या मनाप्रमाणे वाटून घ्यायचे, आणि आपले गणित आपण पुरे करायचे, असा तो खेळ. प्रत्येकाने आपले यश आपणच ठरवावे, हे तत्त्व ज्याने मुलांच्या खेळात घातले, त्याला आपल्या भाषेच्या बाबतीत मात्र दुसऱ्याचा हात सहन होईना. पण ते पुढे.

लॉग्लानचे शब्द बनवण्याची रीत मोठी गमतीची होती. इंग्रजी, चिनी, हिंदी, रशियन, स्पॅनिश, जपानी, फ्रेंच आणि जर्मन अशा आठ भाषांतले शब्द समोर ठेवायचे आणि जास्तीत जास्त लोकांना ओळखीचा वाटेल असा नवा शब्द त्यांतून घडवायचा. निळ्या रंगाला शब्द झाला ‘ब्लानु’. त्यात इंग्रजीचा ‘ब्लू’ आहे, चिनी ‘लान’ आहे आणि आपला ‘नीला’ही कुठेतरी दडलेला आहे. एखाद्या संसारी बाईने उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवावी तसा हा प्रकार. लांबून पाहिले तर कोणाचेच लुगडे ओळखू येत नाही, आणि जवळ गेले तर प्रत्येकीला आपले सापडते.

भाषेला चाहते मिळाले. रॉबर्ट हाइनलाइनसारख्या नामवंत कादंबरीकाराने १९६६ च्या आपल्या चंद्रावरच्या कादंबरीत लॉग्लानचा उल्लेख केला. १९७५ साली पुस्तके निघाली. लोक शब्द पाठ करू लागले, पत्रे लिहू लागले. आणि इथेच अडचणीला सुरुवात झाली. ब्राउनच्या मनातली भाषा अजून पुरी झालेली नव्हती. जोडशब्द ऐकताच त्यांची फोड कळली पाहिजे म्हणून त्यांची घडण नव्याने झाली. कष्टाने पाठ केलेले शब्द लोकांना पुसून पुन्हा लिहावे लागले. शिकणारे म्हणू लागले, आम्हालाही विचारा. ब्राउनचे म्हणणे, हा शास्त्रीय प्रयोग आहे, तो मी ठरवीन तसाच चालेल. माणसे दुरावू लागली.

शेवटी १९८७ साली ठिणगी पडली. लॉग्लानच्या शब्दसंग्रहावर आपल्या संस्थेचा कायद्याने हक्क आहे, असा ब्राउनचा आग्रह. बॉब लशेव्हालिए या त्याच्या एका निष्ठावंत अनुयायाने आणि त्याच्या सोबत्यांनी मग वेगळी चूल मांडली. शब्द तुमचे ना? ठेवा तुमच्याकडे! त्यांनी तीच रीत वापरून सगळे शब्द पुन्हा बनवले. या खेपेला भाषा सहा घेतल्या: चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी. साडेतेराशेच्या आसपास मूळ शब्द, प्रत्येकात रोमन लिपीतली बरोबर पाच अक्षरे. ‘लोग्जी’ म्हणजे तर्क आणि ‘बांगू’ म्हणजे भाषा. दोन्ही मिळून नाव झाले लोज्बान. मात्र आपली भाषा म्हणजे लॉग्लानच, असे ते म्हणत राहिले. ब्राउनच्या संस्थेने १९८८ मध्ये ‘लॉग्लान’ या नावाची व्यापारी चिन्ह म्हणून नोंद केली, आणि वाद तक्रारीच्या पायरीवरून वर चढत वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात गेला. १९९२ साली निकाल लागला. ‘लॉग्लान’ हे एका प्रकारच्या भाषेचे सामान्य नाव आहे, ते कोणाच्या मालकीचे नाही. नोंद रद्द झाली.

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हा निकाल वाचून हसू आवरणे कठीण आहे. विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला फरक पाचवीच्या मुलाला समजावताना माझ्या नाकी नऊ येतात; इथे तो सांगायला न्यायाधीश बसवावे लागले!

वाचकहो, आता या भाषेची थोडी ओळख करून देतो, म्हणजे भांडणाची खुमारी कळेल. आपल्या मराठीत ‘त्याने त्याला त्याच्या घरी सोडले’ हे वाक्य घ्या. कोणी कोणाला कोणाच्या घरी सोडले, हे त्या तिघांनाच माहीत. तिघे आहेत की दोघेच, हेही त्यांनाच माहीत! लोज्बानमध्ये पहिल्याला ‘कोहा’, दुसऱ्याला ‘कोहे’, तिसऱ्याला ‘कोही’ अशी नावे नेमून देता येतात आणि प्रश्नच मिटतो. ‘क्लामा’ म्हणजे जाणे किंवा येणे. या एका शब्दाला पाच घरे आहेत: जाणारा कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने आणि कशाने. आपण ‘घाटाने गेलो’ म्हणतो आणि ‘एस.टी.ने गेलो’ म्हणतो. प्रत्यय एकच, पण एक रस्ता आणि एक वाहन. तिथे प्रत्येकाची जागा ठरलेली.

काही शब्द तर कानाला घरचे वाटतात. ‘मी’ला तिथेही ‘मी’ म्हणतात. आईला शब्द आहे ‘माम्ता’. प्रेम करण्याला ‘प्रामी’. ऐकीव गोष्ट सांगताना वाक्याला ‘तिहे’ जोडायचे; म्हणजे आपले ‘म्हणे’च की! ‘पाटलांचा मुलगा आला म्हणे’ यातले ते ‘म्हणे’ किती जबाबदारी झटकते, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि इंग्रजीच्या वळणाने लोज्बान लिहिणाऱ्याला ते लोक ‘मालग्लिशो’ म्हणून झोडपतात. मुलांच्या निबंधात इंग्रजी धाटणीची वाक्ये दिसली की माझीही हीच गत होते. फक्त मला असा खणखणीत शब्द अजून सापडलेला नाही.

परंतु मी थबकलो तो एका निराळ्याच जागी. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द. त्यात समोरचा माणूस धरला आहे की नाही, ते कळत नाही. लोज्बानने इथे दोन वेगळी सर्वनामे केली. ‘मिहो’ म्हणजे मी आणि तू. ‘मिहा’ म्हणजे मी आणि माझी माणसे, तू सोडून. शिवाय ‘माहा’ म्हणजे मी, तू आणि इतरही. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. कारण हा भेद माझ्या आजीलाही येत होता, आणि ती तर शाळेची पायरी चढलेली नव्हती. ‘आम्ही जत्रेला चाललो’ म्हटले की पोरांनी घरी थांबायचे. ‘आपण जत्रेला चाललो’ म्हटले की टोप्या शोधायच्या! ब्राउन आणि त्याचे अनुयायी यांच्यातले सारे भांडण मला या दोन शब्दांत दिसू लागले. ब्राउन म्हणत होता, ही भाषा आमची. अनुयायी म्हणत होते, ही भाषा आपली. दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पुरते कळलेले होते. गैरसमज कुठे तिळाएवढाही नव्हता. म्हणूनच तर ते कोर्टापर्यंत गेले.

आमच्या घरात असे एक भांडण मी लहानपणी पाहिले आहे. वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे तात्या, यांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून वाद झाला. त्या वेळी मोटारीला वीज रात्री-अपरात्री यायची. कोणाच्या पाळीत किती तास आले, आणि गेलेल्या विजेचे तास कोणाच्या खात्यावर, असा तो वाद. शब्दांचा घोळ त्यात काहीच नव्हता. तात्यांना दादांचे कळत होते, दादांना तात्यांचे कळत होते, आणि दोघांनाही ते मान्य नव्हते. बोलणे बंद झाले. एका अंगणातून जाणारी दोन माणसे दोन वर्षे एकमेकांकडे न पाहता जात-येत होती. आम्ही चुलतभावंडे गोठ्यामागे चोरून खेळायचो.

तिसऱ्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. आई तुळशीपाशी, गोठ्यात, उकिरड्यावर पणत्या ठेवत होती. विहिरीवरची पणती तेवढी ताटात राहिली होती. दोन वर्षे तिथे दिवा लागला नव्हता, कारण तो कोणी लावायचा याचाही निवाडा झालेला नव्हता. इतक्यात तात्या ओसरीच्या खाली येऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत. खांबाकडे पाहत म्हणाले, ‘विहिरीवर दिवा आपण लावणार का?’

आता या वाक्याची फोड करा. ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’, परक्या माणसाला घालतो तसे लांबचे बहुवचन. की ‘आपण’ म्हणजे मी आणि तू? दोन वर्षांच्या अबोल्यानंतर पहिला अर्थच अधिक संभवनीय होता. एरवी ते वडिलांना ‘दादा, तू’ म्हणत. दादा थोडा वेळ गप्प राहिले. ‘लावतो’ म्हणाले असते तर पहिला अर्थ पक्का झाला असता. ते म्हणाले, ‘लावू की.’

एवढेच. दोघे पुढे, आणि तेलाची बुधली घेऊन मी मागे. पाळीचा वाद काही त्या रात्री मिटला नाही. पुढेही तो अधूनमधून चालूच राहिला, पण तो बोलून चालला. तात्यांना नेमका कोणता ‘आपण’ म्हणायचा होता, हे कोणी त्यांना कधी विचारले नाही. विचारणे शहाणपणाचेही नव्हते.

माझ्या विद्यार्थ्याला मी ही हकिकत सांगितली आणि म्हटले, ‘तुझ्या भाषेत तात्यांना “मिहो” तरी म्हणावे लागले असते, नाहीतर “तू” तरी. मग विहीर अंधारातच राहिली असती.’ त्याने विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितले, ‘गुरुजी, वाक्याची बांधणी एकच असते एवढाच आमचा दावा आहे. अर्थ मोघम ठेवायला बंदी नाही. न सांगायच्या गोष्टीसाठी “झोहे” असा शब्दच आहे. म्हणजे “काय ते तुम्ही समजून घ्या”.’ मला त्या भाषेबद्दल त्या क्षणी पहिल्यांदा जिव्हाळा वाटला. इतक्या काटेकोर घराला तिच्या कारागिरांनी एक खिडकी ठेवली होती तर!

पुढे लोज्बानच्या मंडळींचे काय झाले? १९९७ साली जॉन कॉवन यांनी लिहिलेले तिचे जाडजूड व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पाच वर्षे तरी भाषेत बदल करायचा नाही, असा संकल्प सोडला गेला. ब्राउनचा धडा ते विसरले नव्हते. शिकणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलवायची नाही. पण मुदत संपते न संपते तोच घरात नवा वाद! तोही कशावरून? ‘लो’ आणि ‘ले’ या दोन इवल्याशा शब्दांवरून. बाहुलीच्या लग्नात मुली ज्याला नवरदेव म्हणतात, त्याला ‘ले’ लावून नवरदेव म्हणता येई, कारण बोलणारी त्याला तसे म्हणते आहे. ‘लो’ लावायचा तर तो खराखुरा नवरदेवच हवा, असा जुना नियम. अर्जेंटिनातला एक जाणता लोज्बानी, ज्याने ‘ॲलिस इन वंडरलँड’चे त्या भाषेत भाषांतर केले, त्याने ‘लो’चा अर्थ सैल करावा असे सुचवले. रणे माजली. अखेर त्याचे म्हणणे मान्य झाले. आणि जुन्या पुस्तकाशी एकनिष्ठ राहणाऱ्यांना वाटले, आपल्या हातून आपली भाषा गेली. ज्यांनी ब्राउनला ‘भाषा आपली आहे’ असे बजावले होते, त्यांच्यासमोर आता नव्या पिढीने तेच वाक्य उच्चारले.

ब्राउन २००० साली अर्जेंटिनाच्या प्रवासात वारला. ज्या कसोटीसाठी त्याने भाषा रचली, ती कसोटी कधी घेतलीच गेली नाही. या भाषेने माणसाचा विचार बदलतो की नाही, ते कोणालाच समजले नाही. भाषेला पुरेशी बोलणारी माणसे मिळेपर्यंत ती बदलत राहिली, आणि माणसे मिळाली तेव्हा ती प्रयोगासाठी नव्हे, तर तिच्यावर जीव जडला म्हणून राहिली. या सगळ्यात मला ब्राउनची कीव येते आणि त्याचा हेवाही वाटतो. लेखकाला ही व्यथा कळते. माझ्या एका कादंबरीतली विधवा आत्या मी दुष्ट म्हणून रंगवली होती. वाचकांची पत्रे आली ती तिची बाजू घेऊन. मी कितीही सांगितले तरी आता ती माझे ऐकणार नाही. ती त्यांच्या घरी राहायला गेली आहे.

भांडणाचे मूळ शब्दांच्या गोंधळात असते, ही माझी मास्तरी समजूत या भाषेने पार मोडून काढली. लोक भांडतात ते अर्थ न कळल्यामुळे थोडेच. बहुतेकदा ते आपल्याला धरले की वगळले, यावरून भांडतात. वगळलेला माणूस विहिरीसाठी भांडतो, भाषेसाठी भांडतो, ‘लो’ या एका अक्षरासाठीही भांडतो. आणि हे भांडण वाईटच असते असेही नाही. ब्राउनच्या पाच-अक्षरी शब्दांवर कोणी हक्क सांगितला नसता, तर ते त्याच्या टिपणवहीत निजून राहिले असते. परक्याच्या वस्तूसाठी कोणी रात्र-रात्र जागून वाद घालत नाही.

पुढच्या आठवड्यात शाळा सुरू झाली की सर्वनामांचा धडा आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक दरवर्षी मी दोन ओळींत उरकून टाकतो. या वर्षी त्याला पूर्ण तास द्यायचा विचार आहे.